वडीलधाऱ्यांचे काम थांबवू नका, बदलून द्या
(शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



मेळाव्याला आलात की आपण सुधारित वाण, खते, फवारणी यांविषयी ऐकता. आज मला आपल्या घरातील सत्तरी गाठलेल्या, पण अजूनही रोज शेतावर जाणाऱ्या वडिलांविषयी आणि आईविषयी बोलायचे आहे. हा विषय शेतीबाहेरचा समजू नये. कोणत्या तुकड्यात पाणी साचते, कोणती गाय केव्हा माजावर आली, गेल्या साली घरचे बियाणे कसे उगवले, हे बहुतेक घरांत याच दोन माणसांना ठाऊक असते.

मुलगा कर्ता झाला, की तो मायेने म्हणतो, "आबा, पुष्कळ केलंत, आता घरी बसा." आबा बसतात. दिवसभर ओसरीवर, नाहीतर पारावर. येथेच घोटाळा होतो. साठीनंतर हातापायांचे स्नायू झपाट्याने झिजू लागतात आणि त्यांचा वापर थांबला की ही झीज वाढते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवले होते. तेवढ्यात त्यांच्या पायांतील स्नायूंचे वजन सरासरी एक किलोच्या जवळपास घटले. तेव्हा तापाने किंवा पाय मुरगळल्याने आठ-दहा दिवस पडून राहिलेल्या माणसाला बरे वाटल्यावर पुन्हा चालते करावे लागते. आधी गोठ्यापर्यंत, मग बांधापर्यंत, मग विहिरीपर्यंत. तसे न करता 'आता वय झालं' म्हणून खाटेवरच ठेवले, तर पुढे परसाकडे जायलाही आधार लागू शकतो. दावणीला बांधून ठेवलेला म्हातारा बैल कसा आखडतो, हे आपणास सांगायला नको.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये केलेल्या शिफारशीनुसार वृद्धांनीही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि किमान तीन दिवस तोल व ताकद वाढविणारे व्यायाम करावेत. रोज शेतावर पायी जाणाऱ्याचे चालणे सहज पुरे होते. तोलाचे मात्र तसे नाही, आणि उतारवयात माणूस अंथरूण धरतो तो पुष्कळदा पडल्यामुळेच. त्यासाठी गोठ्याचा खांब धरून एका पायावर दहा-दहा सेकंद उभे राहावे. सवय झाली की हात नुसता खांबाजवळ ठेवावा.

ताकद पाहण्याची एक सोपी चाचणी घरी करता येते. हात नसलेली पक्की खुर्ची भिंतीला लावून ठेवा. वडिलांना दोन्ही हात छातीवर घेऊन बसवा आणि अर्ध्या मिनिटात ते किती वेळा पूर्ण उभे राहून परत बसतात ते मोजा. शेजारी कोणीतरी उभे असावे. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या कोष्टकानुसार सत्तर ते चौऱ्याहत्तर वर्षांच्या पुरुषाला १२ वेळा आणि स्त्रीला १० वेळा तरी उठता आले पाहिजे. त्याहून कमी भरले तर पाय कमजोर झाले आहेत असे समजावे. मग हीच उठबस दिवसातून दोन वेळा, जमेल तेवढी, व्यायाम म्हणून करवून घ्यावी. गुडघे फारच दुखत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

आता कामांकडे येऊ. काही कामे वडिलांच्या हातून काढून घ्यावीतच. त्यात पहिली फवारणी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. वयस्कर माणसाने पाठीवर पंप घेऊ नये आणि औषध कालवायलाही बसू नये. दुसरे काम रात्रीचे पाणी देणे. रात्रपाळीची वीज आली की "आबांना नाहीतरी झोप येत नाही" म्हणून त्यांनाच मोटारीवर पाठवतात. अंधारात निसरडी दांड, विंचूकाटा, ओल्या हाताने दाबलेला स्टार्टर. एवढे धोके कमी झालेल्या नजरेवर सोपवणे मला मुळीच मान्य नाही. नवा घेतलेला खोंड आणि नुकतीच व्यालेली गाय यांनाही तरण्या माणसाने हाताळावे.

त्याऐवजी काय द्यावे? वडिलांना उगाच 'फिरायला जा' म्हटले तर ते जात नाहीत. शेतकऱ्याला कामाशिवाय चालणे रिकामपणाचे वाटते. पण कपाशीत गुलाबी बोंडअळीच्या टेहळणीसाठी एकरी दोन कामगंध सापळे लावले आणि त्यांतील पतंग मोजण्याचे काम त्यांच्याकडे दिले, तर ते रोज सकाळी न सांगता शेताला फेरी मारतील. सापळ्यात रोज आठ किंवा अधिक पतंग असे सलग तीन दिवस आढळले, तर उपाययोजनेची वेळ आली असे समजतात. ही नोंद तारखेनिशी वहीत ठेवायची असल्याने मोजणारा माणूस चुकवेगिरी न करणारा लागतो. ज्याला दुसरी घाई नाही, असा माणूस याला फार चांगला.

सोयाबीनच्या बियाण्याची उगवण तपासणी हेही असेच काम. पेरणीआधी प्रत्येक पोत्यातले थोडे थोडे बी काढून मिसळावे व त्यातून निवड न करता १०० दाणे मोजून घ्यावेत. ते ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडून गुंडाळी करावी, ती सावलीत ठेवून ओलसर राखावी आणि पाच-सहा दिवसांनी चांगले कोंब किती आले ते मोजावे. ७० किंवा अधिक आले तर शिफारशीइतके बियाणे पुरते. कमी आले तर एकरी प्रमाण वाढवावे लागते. मात्र मोजून झाल्यावर वडिलांना विचारल्याशिवाय पेरणी ठरवू नका. काम द्यायचे आणि मत घ्यायचे नाही, हे वडीलधाऱ्यांना बसून राहण्यापेक्षाही जास्त लागते.

ज्यांना कापणी-खुरपणीची सवय सोडवत नाही त्यांना हत्यारे बदलून द्यावीत. खाली बसून खुरपण्यापेक्षा उभ्याने चालवायचे सायकल कोळपे गुडघ्यांना बरे. दातेरी वैभव विळ्याला वरचेवर धार लावावी लागत नाही. उन्हाळ्यात अकराच्या आत घरी यावे आणि चारनंतर पुन्हा निघावे.

आईविषयी वेगळे बोलले पाहिजे. वडिलांना निदान "बसा" म्हणणारे कोणी असते, आईला तेही कोणी म्हणत नाही. धुणी-भांडी, पाणी, शेणकूर, नातवंडे, आणि हंगामात निंदणीही. या कामांत व्यायाम होतो म्हणून समाधान मानू नये; दिवसभर उकिडवे बसून आणि डोक्यावर वजन वाहून गुडघे व कंबर जातात. हंडा उतरवून नळी किंवा छोटी गाडी द्यावी, चूल कमरेइतक्या ओट्यावर घ्यावी, निवडण-टिपणाला पाटाऐवजी खुर्ची द्यावी. परसबागेतील वाफे आणि दहा-बारा कोंबड्या हे काम मात्र तिच्याकडेच असू द्यावे. अंड्यांचे पैसेही तिचेच.

खाण्याबाबत थोडेसे. दात पडले की डाळ, शेंगदाणे, कडक भाकरी मागे पडते आणि चहा-बटरवर दिवस निघतो. अशाने स्नायू भरून येत नाहीत. घट्ट वरण, दूध, दही, अंडी, शेंगदाण्याचा कूट घातलेली मऊ भाजी रोज ताटात असावी. उतारवयात तहान कमी लागते. म्हणून शेतावर निघताना पाण्याची बाटली हातात द्यावी आणि परत आल्यावर ती रिकामी झाली का ते पाहावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर सकाळी उठल्यावर मिनिटभर खाटेच्या कडेला बसूनच उभे राहावे.

संध्याकाळचे भजन चुकवू देऊ नका. टाळ धरून तासभर उभे राहणारा माणूस तोलही राखतो आणि चार माणसांतही राहतो. देवळापर्यंतच्या वाटेवर दिवा नसेल तर आजच एक चांगली विजेरी घ्या, आणि खरिपाच्या आधी दोघांचेही डोळे तपासून आणा. मोतीबिंदू असेल तर पेरणीची घाई सुरू होण्यापूर्वी शस्त्रक्रिया उरकून घेता येते.