काऊला काय वाटलं असेल?



चिं. वि. जोशी २१ नोव्हेंबर १९६३ रोजी गेले. आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरचं नवं वर्ष उजाडलं की तिथून पुढे साठ वर्षं त्याच्या लेखनावर वारसांचा हक्क असतो. जोश्यांच्या बाबतीत ही मुदत ३१ डिसेंबर २०२३ रोजी संपली. १ जानेवारी २०२४ पासून चिमणराव, गुंड्याभाऊ, काऊ आणि मैना ही मंडळी साऱ्या मराठी वाचकांची झाली. आज कुणीही चिमणरावाची नवी गोष्ट लिहावी आणि छापावी, परवानगीसाठी कुणाचं दार वाजवावं लागत नाही.

एवढी मोठी ठेव हाती आली आहे. तिचं काय करायचं, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

‘चिमणरावांचे चऱ्हाट’ वाचणाऱ्याला ठाऊक असतं की त्या घरातल्या गोष्टी चिमणराव स्वतः सांगतो. फजिती त्याची, आणि ती सांगण्याचा मानही त्याचाच. चिमणरावाची बायको काऊ त्या घरात वावरते, गुंड्याभाऊच्या दांडगाईनंतरची आवराआवर तिच्याच वाट्याला येत असणार. पण ते घर तिच्या तोंडून ऐकायला मिळत नाही. पुस्तक मिटल्यावर एखाद्या वाचकाच्या मनात प्रश्न उरतो, काऊला काय वाटलं असेल? बहुतेक वाचक तो प्रश्न मनातच ठेवून झोपी जातात. एखादा मात्र उठतो, दिवा लावतो आणि उत्तर लिहायला बसतो. अशा लेखनाला जगभर फॅन फिक्शन म्हणतात. मराठीत त्याला चाहत्याची कथा म्हणावं. पात्रं दुसऱ्याची, घर दुसऱ्याने बांधलेलं, पण मूळ लेखकाने बंद ठेवलेली एक खोली या चाहत्याने उघडलेली.

पोरवयातला छंद म्हणून या लेखनाकडे पाहिलं जातं. त्याचा इतिहास पाहिला तर तसं म्हणवत नाही.

‘स्टार ट्रेक’ ही मालिका अमेरिकन दूरचित्रवाणीवर ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. पुरतं एक वर्ष उलटलं आणि सप्टेंबर १९६७ मध्ये देव्रा लँगसॅम आणि शेर्ना कॉमरफर्ड या दोघींनी ‘स्पॉकॅनेलिया’ नावाचा अंक काढला. त्यात सगळा मजकूर मालिकेतल्या स्पॉकभोवती फिरणारा, म्हणजे चाहत्यांनी लिहिलेल्या कथा, कविता आणि लेख. छपाई आपल्याकडच्या सायक्लोस्टाइलच्या जातीची, स्टेन्सिलवर टंकलेली. स्पॉकची भूमिका करणाऱ्या लेनर्ड निमॉयचं पत्र पहिल्याच अंकात छापलेलं आहे. १९७० पर्यंत असे पाच अंक निघाले. मूळ मालिका ७९ भाग दाखवून १९६९ मध्येच बंद पडली होती. वाहिनीने दिवा मालवला आणि चाहत्यांनी, त्यातही प्रामुख्याने बायकांनी, तो पुढची कित्येक वर्षं तेवत ठेवला.

याच काळात, १९६८ मध्ये, लोइस मॅकमास्टर बुजोल्ड नावाची एक तरुणी मैत्रिणीबरोबर ‘स्टारडेट’ नावाचा असाच अंक काढत होती. पुढे तिने स्वतःचं विश्व निर्माण केलं आणि सर्वोत्कृष्ट कादंबरीचा ह्यूगो पुरस्कार चार वेळा मिळवला. चाहत्यांच्या अंकात लिहिणारा प्रत्येकजण तिथवर पोचतो असं नाही, पोचायलाच हवं असंही नाही. पण उसन्या पात्रांवर हात बसवलेल्या लेखिकेचं स्वतःचं लेखन उसनं राहत नाही, हे तिच्या उदाहरणावरून स्वच्छ दिसतं.

सायक्लोस्टाइलचं नाव निघाल्यावर मराठी माणसाला ‘शब्द’ आठवतो. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ आणि त्यांच्या मित्रांनी १९५० नंतरच्या दशकात चालवलेलं ते अनियतकालिक सायक्लोस्टाइलच करून निघत असे. तिथे चाहत्यांच्या कथा नव्हत्या, नवी कविता होती. पण प्रस्थापित मासिकं जागा देतील याची वाट न पाहता मित्रांनी मिळून आपली पानं आपण छापायची, ही रीत दोन्हीकडे एकच. मराठीला ती शिकवावी लागणार नाही.

मूळ लेखकांना हे सगळं रुचतं का? काहींना मुळीच रुचत नाही. ॲन राइस यांनी आपल्या पात्रांवर चाहत्यांनी लिहू नये असं उघड सांगितलं होतं, आणि त्यांच्या इच्छेचा मान ठेवायला हवा. उलट उदाहरण आर्थर कॉनन डॉइल यांचं. १८९३ मध्ये त्यांनी जे. एम. बॅरी यांच्याबरोबर ‘जेन ॲनी’ ही संगीतिका लिहिली आणि ती सपशेल पडली. त्यानंतर बॅरी यांनी आपल्या एका पुस्तकाच्या कोऱ्या पानांवर होम्सची एक विनोदी गोष्ट लिहून डॉइलना भेट दिली. दोन लेखक नाटक पडल्याची तक्रार घेऊन होम्सकडे येतात, अशी ती गोष्ट. डॉइलनी ती जपली आणि १९२४ च्या आत्मचरित्रात मोठ्या कौतुकाने छापली. मित्राने मित्राला दिलेली ही भेट म्हणजे अस्सल चाहत्याची कथा. पडलेल्या नाटकाचं दुःख हलकं करायला मित्राने मित्राच्याच पात्राला कामाला लावलं.

भेट हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, आणि दिवाळीचा संबंधही तिथेच येतो.

सणाचा अंक ही कल्पना मुळातच अनेकांनी मिळून एक ताट वाढण्याची आहे. चार्ल्स डिकन्स आपल्या साप्ताहिकांचे नाताळ अंक काढत, तेव्हा ते एक चौकट ठरवत आणि तिच्यात बसतील अशा गोष्टी इतर लेखकांकडून लिहून घेत. १८६६ च्या ‘मग्बी जंक्शन’ या नाताळ अंकात रेल्वेचं एकच जंक्शन सगळ्यांना वाटून दिलेलं होतं. काही गोष्टी डिकन्सच्या, बाकीच्या अमेलिया एडवर्ड्स, हेस्बा स्ट्रेटन वगैरे लेखकांच्या. ‘द सिग्नल-मॅन’ ही डिकन्सची गाजलेली भयकथा प्रथम याच अंकात आली. एकाने आखलेल्या जगात इतरांनी लिहायचं, आणि तेही सणाच्या निमित्ताने. आजच्या योजनेचं बीज यात पुरतं दिसतं.

मराठीतला पहिला दिवाळी अंक १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने काढला. संपादक काशीनाथ रघुनाथ मित्र. मित्र हे त्यांचं मूळ आडनाव नव्हे. ते सिंधुदुर्गातल्या आजगावचे, आजगावकर. बंगाली साहित्यावर त्यांचं इतकं प्रेम की त्यांनी बंगाली आडनावच धारण केलं. ज्याने आपल्या वाचनाच्या प्रेमापोटी स्वतःचं नाव बदललं, तो माणूस चाहता नव्हे तर कोण? मराठी दिवाळी अंकाचा आद्य संपादक हाडाचा चाहता होता, ही गोष्ट या व्यासपीठावरून मुद्दाम सांगण्याजोगी आहे.

इथे एक गल्लत टाळायला हवी. फॅन फिक्शनची बाजू मांडणारे पुष्कळदा म्हणतात की कालिदासाचं ‘शाकुंतल’, मोरोपंतांची एकशे आठ रामायणं, खांडेकरांची ‘ययाति’ ही सगळी चाहत्यांचीच कथा. हे ऐकायला बरं वाटतं, पण खरं नाही. रामायण-महाभारत ही कुणा एकाची मालमत्ता नव्हती. ती सर्वांची विहीर होती, आणि त्यातलं पाणी भरायला कुणी कुणाची परवानगी घेत नव्हतं. चाहत्याची कथा उभी राहते ती एका विशिष्ट लेखकाच्या विशिष्ट पात्राशी असलेल्या ऋणाच्या नात्यावर. ते ऋण नावानिशी कबूल करावं लागतं. मोरोपंतांकडून शिकायचं ते वेगळं. एकच गोष्ट शंभर वेळा सांगूनही प्रत्येक वेळी नवा बंध, नवा नियम शोधता येतो, हे त्यांनी दाखवून दिलं.

सणाला भेट म्हणून कथा लिहिण्याची आजची सर्वांत देखणी पद्धत म्हणजे २००३ पासून चालू असलेला ‘यूलटाइड’ हा उपक्रम. ज्या पुस्तकांवर, चित्रपटांवर फारसं कुणी लिहीत नाही, अशांसाठीच तो आहे. सहभागी होणारा आपल्याला कुणाची कथा वाचायला आवडेल ते कळवतो आणि आपण कुणाची लिहू शकतो तेही सांगतो. मग जोड्या लागतात. कथा किमान एक हजार शब्दांची. २५ डिसेंबरला सगळ्या कथा एकदम खुल्या होतात, पण त्यांवर लेखकाचं नाव नसतं. नावं १ जानेवारीला कळतात. मधला आठवडाभर वाचक नुसती कथा वाचतो. कुणी लिहिली याचं दडपण नाही की भीडही नाही.

दिवाळीला शेजारी फराळाचं ताट पाठवतात तेव्हा ते ताट रिकामं परत येत नाही. यूलटाइडची रीत नेमकी तीच आहे.

म्हणून या संमेलनाने यंदा चाहत्यांचा दिवाळी अंक काढावा, असा अध्यक्षांचा प्रस्ताव आहे. गणपतीपर्यंत प्रत्येकाने आपली मागणी कळवावी. दसऱ्यापर्यंत कथा हाती यावी, धनत्रयोदशीला अंक निघावा, आणि लेखकांच्या नावांचं पान तुळशीच्या लग्नाच्या दिवशी स्वतंत्र प्रसिद्ध व्हावं. कथा एक हजार शब्दांहून कमी नको. अंकाची किंमत छपाईच्या खर्चापुरती, मानधन कुणालाच नाही, संपादकालाही नाही.

पात्रं कुठली घ्यायची याचं बंधन कायद्याचं आहे आणि ते पाळायला हवं. ह. ना. आपटे आणि राम गणेश गडकरी दोघेही १९१९ मध्ये गेले. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांच्या लेखनावरचा हक्क २०१० अखेर संपला. म्हणजे ‘पण लक्षात कोण घेतो’मधल्या यमूच्या मैत्रिणीची, दुर्गीची कथा आज लिहिता येते. ‘एकच प्याला’मध्ये सिंधूच्या दुःखाने प्रेक्षक रडतो, पण तळीरामाची बायको गीता पडदा पडल्यावर कुठे गेली असेल? श्याम रात्री आश्रमात आईच्या आठवणी सांगतो तेव्हा ऐकणाऱ्या मित्रांपैकी एखाद्याची आई अगदी वेगळी असली तर? यातल्या प्रत्येक प्रश्नात एक कथा आहे. जोश्यांचं दार तर आता सताड उघडं आहे. एवढीच काळजी घ्यावी की पुस्तकातला चिमणराव सर्वांचा झाला तरी दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी रंगवलेला चिमणराव ही वेगळी निर्मिती आहे. त्या मालिकेतले संवाद किंवा छायाचित्रं घ्यायची नाहीत.

फास्टर फेणेची कथा लिहायला अनेकांचे हात शिवशिवतील. फुरसुंगीचा बनेश, त्याची सायकल, त्याचं ‘टॉक्’! पण भा. रा. भागवत २००१ मध्ये गेले, त्यामुळे २०६१ अखेरपर्यंत तो त्यांच्या वारसांचा आहे आणि रीतसर परवानगी आल्याशिवाय या अंकात येणार नाही. रीतसर मार्गाने काय करता येतं, ते २०१७ च्या ‘फास्टर फेणे’ चित्रपटात दिसलं. तिथे मोठा झालेला बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येतो, आणि त्याच कथेत भा. रा. भागवत स्वतः एक पात्र म्हणून भेटतात. ती भूमिका पुन्हा प्रभावळकरांचीच. आपल्या निर्मात्याला आपल्याच गोष्टीत आणून बसवणं यापेक्षा मोठं प्रेम कुठलं पात्र दाखवू शकेल?

प्रेम असलं की कथा आपोआप चांगली होते, असं मात्र मुळीच नाही. १९७३ मध्ये पॉला स्मिथ यांनी ‘स्टार ट्रेक’च्या जगातल्या ‘मेरी सू’ नावाच्या साडेपंधरा वर्षांच्या लेफ्टनंटची छोटी विडंबनकथा लिहिली. मेरी सू सगळ्यांत हुशार, सगळ्यांची लाडकी, आणि शेवटी सगळ्यांना रडवून मरणारी. चाहते मूळ जगात स्वतःलाच नायिका म्हणून घुसवतात, त्या खोडीवर ते नेमकं बोट होतं, आणि ते एका चाहतीनेच ठेवलं. काऊची कथा लिहिणाऱ्याने काऊच्या घरात पाहुण्यासारखं वावरावं. तिची भाषा, तिचा काळ, तिची भीड ओळखावी. त्यासाठी जोशी पुन्हा वाचावे लागतील, एकदा नव्हे तर दोनदा, पेन्सिल हातात घेऊन. या अंकातून दुसरं काही साधलं नाही आणि शंभर जणांनी जोशी, गडकरी, आपटे असे पुन्हा वाचले, तरी अंकाचं काम झालं.

कथा मराठीत लिहावी आणि देवनागरीत लिहावी. इंग्रजीत मोठ्या मालिकांवर लिहिणारी मराठी मुलं-मुली आहेत. त्यांनी या अंकाकडे विशेष लक्ष द्यावं, ही विनंती. परदेशातल्या मराठी घरांत वाढलेल्यांनीही लिहावं. ज्यांनी कधीच कथा लिहिली नाही, फक्त वाचलं, त्यांच्याकडून तर सर्वांत जास्त अपेक्षा आहे. पहिल्या ओळीच्या वर मूळ लेखकाचं आणि पुस्तकाचं नाव ठळक लिहा, कथेखाली स्वतःचं नाव लिहू नका, आणि दसऱ्याच्या आत ती संपादकांकडे पोचती करा.