कचरा कोणाच्या दारी? पर्यावरणाचा कायदा आणि आपली जबाबदारी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सूस येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी वक्त्याने कचऱ्यावर बोलावे, याचे काहींना आश्चर्य वाटेल. परंतु आपण ज्या सूस गावात आज जमलो आहोत, त्याचे नाव देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाच्या शीर्षकात आहे, आणि तो निकाल कचऱ्याविषयीचा आहे. म्हणून हा विषय येथेच मांडणे मला उचित वाटले.

प्रथम कायद्याकडे पाहू. १९७२ साली स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणावर संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. भारताने त्यात भाग घेतला. त्यानंतर १९७४ साली जलप्रदूषणाचा आणि १९८१ साली वायुप्रदूषणाचा कायदा झाला. दरम्यान १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण हे राज्याचे धोरण ठरले. त्याच दुरुस्तीने प्रत्येक नागरिकावर निसर्गाचे रक्षण करण्याचे आणि प्राणिमात्राविषयी करुणा बाळगण्याचे मूलभूत कर्तव्य सोपविले. ‘जीवदया’ हा शब्द ज्यांच्या घरात रोज उच्चारला जातो, त्यांना घटनेतील ही करुणा परकी वाटण्याचे कारण नाही.

तरीही एक मोठी उणीव राहिली होती. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळ येथे विषारी वायूने हजारो निरपराध जीव घेतले, तेव्हा ती उणीव देशाच्या लक्षात आली. त्यातून १९८६ चा पर्यावरण (संरक्षण) अधिनियम जन्माला आला. १९ नोव्हेंबर १९८६ पासून तो अमलात आहे. कलमे अवघी सव्वीस, पण अधिकार व्यापक. हवा, पाणी, जमीन आणि त्यांचा माणसांशी व इतर जीवांशी असलेला संबंध, या सर्वांना तो ‘पर्यावरण’ म्हणतो. प्रदूषण करणारा उद्योग बंद करण्याचा, त्याची वीज किंवा पाणी तोडण्याचा आदेश देण्याची तरतूद त्याच्या पाचव्या कलमात आहे. घनकचऱ्याचे २००० सालचे आणि पुढे २०१६ सालचे नियम याच कायद्याखाली झाले. मूळ कायद्यात उल्लंघनासाठी पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती बदलून १ एप्रिल २०२४ पासून दहा हजार ते पंधरा लाख रुपयांच्या दंडाची तरतूद केली. हा बदल योग्य की अयोग्य, यावर दुमत असू शकते. माझे म्हणणे एवढेच की, तुरुंगाचे भय कमी झाले म्हणून आपली जबाबदारी कमी होत नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. सूस रस्त्यालगत बाणेरच्या हद्दीत महानगरपालिकेचा ओल्या कचऱ्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प आहे. तेथे कचऱ्याचा लगदा केला जातो आणि त्यापासून पुढे तळेगाव येथे इंधनवायू तयार होतो. प्रकल्पाच्या परिसरातील रहिवाशांना दुर्गंधीचा त्रास होऊ लागला. सूस रोड-बाणेर विकास मंचाने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. हे लवाद २०१० च्या स्वतंत्र कायद्याने स्थापन झाले असून सामान्य नागरिकालाही तेथे अर्ज करता येतो. ऑक्टोबर २०२० मध्ये लवादाने प्रकल्प बंद करून अन्यत्र हलविण्याचा आदेश दिला. महानगरपालिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने तो आदेश रद्द केला.

न्यायालयाची भूमिका आपण समजून घेतली पाहिजे. ही जागा विकास आराखड्यात कचरा प्रक्रियेसाठी आधीपासून राखीव होती. प्रकल्प बंद केल्यास शहराच्या पश्चिम भागातील ओला कचरा संपूर्ण शहर ओलांडून दुसऱ्या टोकाला न्यावा लागेल आणि वाटेत सर्वांनाच त्याचा उपद्रव होईल, म्हणून प्रकल्प बंद करणे हेच लोकहिताविरुद्ध ठरेल, असे न्यायालयाने म्हटले. मात्र महानगरपालिकेला मोकळीक दिली नाही. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, सुचविलेल्या सुधारणा अमलात आणाव्यात आणि परिसरात दाट वृक्षलागवड करावी, असे निर्देश दिले.

येथे उपस्थित असलेल्यांपैकी काहींनी ती दुर्गंधी स्वतः सोसली असेल. त्यांचे गाऱ्हाणे खोटे होते, असे कोणीही म्हणू नये. खिडक्या लावून घरात बसावे लागणे हे दुःखच आहे. निर्देशांचे पालन होत नसेल, तर पुन्हा तक्रार करण्याचा आपला हक्क अबाधित आहे आणि तो बजावलाही पाहिजे. पण निकाल वाचताना माझ्या मनात एक प्रश्न उभा राहिला. प्रकल्प हलला असता, तर कोणाच्या दारी गेला असता?

पुण्याला या प्रश्नाचे उत्तर ठाऊक आहे. शहराच्या पूर्वेस उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे आहेत. शहराचा कचरा वर्षानुवर्षे तेथे नेऊन टाकला गेला. तेथील विहिरींचे पाणी बिघडले. ग्रामस्थांनी वारंवार आंदोलने केली, गाड्या अडविल्या, तेव्हा कोठे शहराला जाग आली. आपल्या घरातील घाण नजरेआड झाली की ती नाहीशी झाली, असे आपण मानतो. प्रत्यक्षात ती दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणात असते. ३० जून २०२१ रोजी सूस महानगरपालिकेत समाविष्ट झाले. आज सूसचा कचरा हा पुण्याचाच कचरा आहे. तेव्हा हा प्रश्न आपल्यालाही टाळता येणार नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या परंपरेने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. साधूंच्या पाच समितींपैकी शेवटची उत्सर्ग समिती. टाकाऊ वस्तू टाकण्यापूर्वी जागा नीट पाहावी, ती निर्जंतुक असल्याची खात्री करावी, कोणत्याही जीवास पीडा होणार नाही अशा रीतीने त्याग करावा, ही तिची शिकवण. त्याग करणे ही जेवणे किंवा बोलणे यांइतकीच विवेकाची क्रिया मानणारी ही दृष्टी आहे. उष्ट्या अन्नात अंतर्मुहूर्तात संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते, म्हणून ताट धुऊन ते पाणी पिणारी वडीलधारी मंडळी आपण सर्वांनी पाहिली आहेत. आज त्याच घरातून उरलेली भाजी प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून बाहेर पडते. त्या पिशवीत जे कुजते, त्याचीच दुर्गंधी सूस रस्त्यावर येते.

आणखी एक गोष्ट. पुण्यात कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना १९९३ पासून काम करते. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. या संस्थेच्या भगिनी दारोदार जाऊन कचरा गोळा करतात. आपण एकत्र टाकलेला कचरा त्यांना हातांनी वेगळा करावा लागतो. त्यात फुटलेली काच असते, सुया असतात, वापरलेले डायपर असतात. मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली पाहून चालणाऱ्या आपण, त्या हातांचा विचार करू नये काय?

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने तीन गोष्टी सुचवितो. पहिली, ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा ठेवावा. २०१६ च्या नियमांनी हे बंधन घातले आणि पुढेही ते कायम राहिले आहे. काच व सॅनिटरी वस्तू कागदात गुंडाळून, खूण करून द्याव्यात. दुसरी, आपल्या ट्रस्टच्या साधर्मिक वात्सल्याच्या पंगतीत एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या वाट्या व पेले बंद करून स्टीलची भांडी घ्यावीत, आणि उरणाऱ्या ओल्या कचऱ्याचे खत ट्रस्टच्याच आवारात करावे. तिसरी, दोन-चार जाणकार तरुणांनी न्यायालयाच्या निर्देशांचे पालन किती झाले, याची माहिती अधिकाराखाली माहिती घेऊन ती समाजापुढे ठेवावी. पहिल्या दोन गोष्टी न करता केवळ तिसरी करणे शोभणार नाही, आणि पहिल्या दोन करून तिसरी सोडून देणे हाही कर्तव्याचा त्यागच होईल.

कायदा प्रकल्प कोठे असावा ते सांगेल, तो कसा चालवावा तेही सांगेल. पण त्या प्रकल्पात जाणारी पिशवी आपल्या स्वयंपाकघरात भरली जाते आणि तेथे कोणताही निरीक्षक येत नाही. तेथे आपला विवेक हाच निरीक्षक.

 बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास, कोणाचे मन दुखावले असल्यास, मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.