शाळेतील जुना संगणक आणि लिनक्स
(केंद्राच्या शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



शाळेच्या कोपऱ्यात कापडाखाली झाकून ठेवलेला जुना संगणक आपणांपैकी अनेकांच्या परिचयाचा असेल. पुष्कळदा तो बिघडलेला नसतो. नव्या प्रणालीचा भार त्यास पेलवत नाही, इतकेच. अशा यंत्रावर लिनक्स ही प्रणाली बसविण्याचा मला छंद आहे. हेल्सिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली तिचा गाभा लिहिला व १९९२ साली तो खुल्या परवान्याखाली सर्वांस दिला. म्हणूनच ती विनामूल्य मिळते व दुसऱ्या शाळेसही देता येते.

प्रथम माझी चूक सांगतो. पडद्यावरील प्रश्न पुरता न वाचता मी संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडला. लिनक्स उत्तम बसली; परंतु गावातील आजींच्या ध्वनिमुद्रित ओव्या नाहीशा झाल्या. त्यांतील एक आजी आज हयात नाहीत.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी सर्व कामाची प्रत अन्यत्र ठेवावी व ती उघडून पाहावी. नंतर पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून प्रिंटर, आवाज व वायफाय तपासावे; एवढ्याने डिस्कवरील मजकुरास धक्का लागत नाही. मगच ती बसवावी.

आज त्याच संगणकावर मुले इनस्क्रिप्ट कळफलकाने मराठी लिहितात, जीकॉम्प्रीवर बेरजा सोडवितात. आपणही हा प्रयोग अवश्य करावा. मात्र प्रत आधी घ्यावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.