रेशनकार्ड आणि रंगूनची लढाई

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत घरोघरी जपून ठेवलेलं रेशनकार्ड हे मूळचं दुसऱ्या महायुद्धाचं अपत्य.

मार्च १९४२ मध्ये जपानी फौजांनी ब्रह्मदेशातलं रंगून घेतलं. ब्रह्मदेशातून आपल्याकडे दरसाल दहा लाख टनांहून अधिक तांदूळ येई, तो एकाएकी थांबला. भातावर जगणाऱ्या किनारपट्टीला त्याची झळ बसली. त्यात रेल्वेच्या वाघिणी लष्कराच्या दिमतीला आणि साठेबाजांची चंगळ! अखेर मे १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झालं. दुकान ठरलेलं, भाव ठरलेला, माणशी धान्यही मोजून. युद्ध संपलं, पण रेशन टिकलं. आजही ठाणे, कल्याण, डोंबिवलीची रेशन दुकानं मुंबईच्या शिधावाटप नियंत्रकांच्या अखत्यारीत, ‘फ’ परिमंडळात येतात.

पुढेही असंच घडलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि वाण्याकडे सूर्यफूल तेलाच्या पिशवीचा भाव भडकला. आपलं हे तेल मुख्यतः युक्रेन आणि रशियातून येत होतं. काळ्या समुद्रावरची युक्रेनची बंदरं बंद पडली, जहाजांचा विमा महागला. गिऱ्हाइकं दुसऱ्या तेलांकडे वळली, तर तीही कडाडली. एप्रिलअखेर इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात काही आठवडे रोखली. मे महिन्यात भारतानंही गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली.

म्हणून भाववाढीची बातमी ऐकाल, तेव्हा पीक किती आलं एवढंच पाहू नका. माल कुठल्या वाटेनं येतो, तेही पाहा.