आजारी मूल आणि भयभीत पालक



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी गणिताच्या तासाला म्हणत, ‘आधी मोजा, मग बोला.’ ही शिकवण मी एकदा विसरलो, त्याची कबुली आज देतो.

मी तेव्हा मानपुरात नवाच डॉक्टर होतो. घाटाखालच्या वस्तीवरून एक आई धाप लागलेले तान्हे मूल घेऊन आली. त्याच्या पोटावर तापल्या विळ्याचे डाग होते. ते पाहताच मी तिच्यावर कडाडलो. ती मान खाली घालून, मुलासह निघून गेली. पुढे त्या मुलाचे काय झाले, ते मला कधीच कळले नाही.

ही प्रथा अद्याप संपलेली नाही. २०२३ मध्ये झाबुआ जिल्ह्यात न्यूमोनिया झालेल्या बालकांना चटके दिल्याचे उघडकीस आले. २०२५ मध्ये मेळघाटातील सिमोरी येथे अवघ्या २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर ६५ चटके दिले गेले.

हे पोटावरच का? न्यूमोनियात श्वास घेताना पोट जोराने खालीवर होते, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो. आईला दिसते ते खरेच असते. धोक्याची तीच खूण वैद्यकशास्त्रही मानते. चुकतो तो तिला कोणीतरी सांगितलेला अर्थ. शहरातला सुशिक्षित बापही, मुलाला रक्ताचा कर्करोग झाल्याचे कळताच, मोबाइलवर आलेला पाल्याचा रस शोधू लागतो. भीती शिक्षण विचारीत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८८ च्या सुमारास गावातल्याच माणसांना, निरक्षर सुइणींनाही, श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्यास शिकविले. मूल शांत असताना मिनिटाला दोन महिन्यांखालील बाळाचे ६०, वर्षाखालील मुलाचे ५०, पाच वर्षांखालील मुलाचे ४० वा अधिक श्वास भरले, तर उपचारास विलंब नको. त्या सुइणींच्या हाती योग्य औषधही दिले गेले आणि तेथील बालमृत्यू घटले.

आपल्यापैकी अनेक जण खेड्यापाड्यांत शिक्षक आहेत. डागलेले मूल दिसले, तर आईस प्रथम एवढेच म्हणावे, ‘बाई, तुम्ही आणलेत, बरे केलेत.’ मग श्वास मोजावेत आणि तिच्याबरोबर दवाखान्यापर्यंत जावे. हे शब्द मी त्या दिवशी उच्चारले असते, तर ती कदाचित थांबली असती.