घरांच्या तक्त्यावरची सरळ रेघ

डिजिटल चित्र हा आकड्यांचा तक्ता असतो. तक्त्यातल्या प्रत्येक घराला पिक्सेल म्हणतात. साध्या रंगीत चित्रात त्या घरात लाल, हिरवा आणि निळा यांचे तीन आकडे असतात, प्रत्येक ० ते २५५ या दरम्यान. चित्रावर रेघ ओढायची म्हणजे यातली काही घरे निवडून त्यांतले आकडे बदलायचे. भूमितीतल्या रेषेला जाडी नसते आणि तिच्यावर बिंदू अगणित असतात. तक्त्यात मात्र घरे मोजकीच. आडवी, उभी आणि नेमकी ४५ अंशांची रेघ सोडली, तर कोणतीच रेघ या तक्त्यात हुबेहूब बसत नाही. म्हणून खऱ्या रेषेला सर्वांत जवळचे घर कोणते, हे कोडला पावलागणिक ठरवावे लागते.

शाळेतले रेषेचे समीकरण यासाठी लगेच हाताशी येते. उंचीतल्या फरकाला रुंदीतल्या फरकाने भागून चढ काढायचा, एकेक स्तंभ पुढे सरकत उंचीत तो मिळवत जायचे आणि उत्तराच्या जवळचा पूर्णांक घ्यायचा. रेघ आडवीपेक्षा उभीकडे जास्त झुकलेली असेल, तर मात्र दोन रंगवलेल्या घरांमध्ये मोकळ्या ओळी राहतात आणि रेघ तुटक दिसते. अशा वेळी स्तंभांऐवजी ओळींनी चालायचे. पद्धत बरोबर आहे, पण तिला एक भागाकार आणि प्रत्येक पावलावर अपूर्णांकाची बेरीज लागते. आजच्या प्रोसेसरला त्याचे ओझे वाटत नाही. १९६० च्या दशकातल्या यंत्रांना ते जड जाई.

१९६२ मध्ये जॅक ब्रेझनहॅम आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करत होते. तिथे आयबीएम १४०१ या संगणकाला कॅलकॉम्प कंपनीचा प्लॉटर जोडलेला होता. प्लॉटरचे पेन कागदावर ठरावीक लांबीची बारीक पावले टाके, तीही फक्त आठ दिशांना. १४०१ च्या मूळ यंत्रात गुणाकार-भागाकाराची सोयच नव्हती, ती वेगळी बसवून घ्यावी लागे. या अडचणीतून ब्रेझनहॅम यांनी केवळ पूर्णांकांच्या बेरजा-वजाबाक्यांवर चालणारी रीत काढली. ती १९६५ मध्ये ‘आयबीएम सिस्टिम्स जर्नल’मध्ये छापून आली. आज पडद्यावर पिक्सेल निवडणारी ही रीत मुळात कागदावरच्या पेनासाठी जन्मली, हे विसरू नये असे आहे.

रीत नीट कळण्यासाठी एक रेघ हाताने ओढून पाहावी. सुरुवात स्तंभ ०, ओळ ० या घरापासून आणि शेवट स्तंभ ७, ओळ ३ या घरात. रुंदीतला फरक ७, उंचीतला ३. पुढच्या स्तंभात रेषा दोन ओळींच्या मधोमध असलेल्या अर्ध्याच्या खाली उतरते की नाही, एवढाच प्रत्येक पावलावरचा प्रश्न. तो अर्धा टाळण्यासाठी सगळे आकडे दुप्पट करून घेतात. निर्णयाचा पहिला आकडा येतो ३ ची दुप्पट वजा ७, म्हणजे −१. आकडा ऋण असेल तर त्याच ओळीत पुढे जायचे आणि आकड्यात ६ मिळवायचे. ऋण नसेल तर एक ओळ खाली उतरायचे आणि ८ वजा करायचे. −१ नंतर ५, मग −३, ३, −५, १, −७ आणि शेवटी पुन्हा −१. स्तंभ ० पासून ७ पर्यंत ओळी मिळतात ०, ०, १, १, २, २, ३, ३. शेवटच्या घरापाशी आकडा जिथून निघाला तिथेच येतो, कारण वाटेत साठलेली सगळी चूक तोवर फिटलेली असते. प्रत्येक निवडीतली चूक टाकून न देता पुढच्या निवडीच्या हिशेबात धरायची, यातच या रीतीचे सारे सौंदर्य आहे. ग्राफिक्स शिकणाऱ्याने तयार आज्ञा वापरण्याआधी हा हिशेब एकदा तरी कागदावर करावा.

अशा रेघेला पायऱ्या दिसतात. शिवाय सारखेच स्तंभ ओलांडणाऱ्या आडव्या आणि ४५ अंशांच्या रेघांना घरे सारखीच लागतात, पण तिरपी रेघ सुमारे १.४१ पट लांब असते. त्यामुळे ती जरा फिकी वाटते. शाओलिन वू यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या रीतीत प्रत्येक स्तंभात एकाऐवजी दोन घरे रंगवतात आणि गडदपणा अंतराच्या प्रमाणात वाटून देतात. वरच्या उदाहरणात स्तंभ ५ मध्ये रेषेची खरी जागा सुमारे २.१४ आहे, म्हणून ओळ २ ला ८६ टक्के आणि ओळ ३ ला १४ टक्के रंग मिळतो. डोळा या दोन घरांतून एकच गुळगुळीत रेघ वाचतो. मात्र बारीक टाइपातली शिरोरेषा दोन ओळींच्या मध्ये पडली, तर हीच वाटणी ती धुरकट करते. म्हणून फॉन्ट घडवणारे तिला पूर्ण ओळीवर बसवण्याची काळजी घेतात.

प्रत्यक्ष कोड लिहिताना ओपनसीव्हीसारख्या लायब्ररीत हे काम एका आज्ञेत होते. तरी तीन गोष्टी हमखास चुकतात. चित्रात शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि उंची खालच्या दिशेने मोजतात, त्यामुळे आलेखाच्या सवयीने ओढलेली रेघ उलटी पडते. रेघेची टोके देताना आधी स्तंभ, मग ओळ लिहितात. तेच घर तक्त्यातून थेट उचलताना आधी ओळ लागते. रंगांचा क्रमही निळा, हिरवा, लाल असा असल्याने लाल म्हणून दिलेली रेघ निळी उमटते. शिवाय रेघ चित्राच्या आकड्यांवरच लिहिली जाते आणि खालचे आकडे कायमचे जातात, तेव्हा आधी प्रत काढून ठेवणे बरे.

यंत्राला शिकवण्यासाठी वस्तूंच्या सीमा आखलेली चित्रे वेगळी हाताळावी लागतात. तिथे घरातला आकडा रंग सांगत नाही, वर्ग सांगतो: १ म्हणजे रस्ता, २ म्हणजे इमारत. गुळगुळीत रेघेतले अधलेमधले आकडे तिथे भलताच वर्ग दाखवतात, म्हणून पायऱ्यांची रेघच योग्य. असे चित्र जेपेगमध्येही साठवू नये. ते दाबताना रेघेच्या आसपासचे आकडे बदलतात. पीएनजीमध्ये प्रत्येक घर जसेच्या तसे राहते.