बाग हा मजुरीचाच भाग

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



घर, पाणी, रेशन आणि रोजगार या प्रश्नांवर झगडणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे बागांविषयी बोलणे काहींना चैनीचे वाटेल. रविवारी बायकामुलांसह बागेत जावे, भेळ खावी, घरी यावे. यात राजकारण कुठले, असे कोणी विचारील. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने माझे उत्तर असे की, हाती पडणारा पगार म्हणजे श्रमिकाची सारी मिळकत नव्हे. पालिकेची शाळा, सरकारी दवाखाना, स्वस्त बस हा त्याच्या मजुरीचाच न दिसणारा हिस्सा असतो. सार्वजनिक बागही त्याच हिशेबात धरली पाहिजे. ज्याच्या घराला गच्ची आहे, जो क्लबाचा सभासद आहे, त्याचे बागेवाचून अडत नाही. परंतु दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात, तेथे मुलांना पळायला, म्हाताऱ्यांना टेकायला आणि नवराबायकोला मोकळेपणी दोन शब्द बोलायला जागा बागेतच मिळते. ती गेली की मजुरीत कपात होते. पगाराच्या पावतीवर तेवढी ती दिसत नाही.

मुंबईचा हिशेब पाहा. नव्या विकास आराखड्याच्या तयारीत पालिकेनेच केलेल्या पाहणीत लोकांना प्रत्यक्ष वापरता येणारी खुली जागा माणशी सुमारे सव्वा चौरस मीटर भरली. एक सतरंजीसुद्धा नीट अंथरता येऊ नये, एवढी ती जागा! केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगररचनाविषयक मार्गदर्शक तत्त्वांत हेच प्रमाण माणशी १० ते १२ चौरस मीटर असावे असे म्हटले आहे.

ही टंचाई केवळ समुद्राने वेढलेल्या भूगोलाची नव्हे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि कोंदट वस्त्या किती माणसे मारतात हे परकीय सरकारलाही कळले. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या दादर-माटुंगा भागातील आखणीतून रुंद रस्ते, माटुंग्याचे पाच बगीचे आणि पुढे शिवाजी पार्क ही मोकळी जागा शहराला मिळाली. संयुक्त महाराष्ट्राच्या विराट सभा याच मैदानावर झाल्या, हे आपण विसरता कामा नये. मोकळी जागा फुफ्फुसांना लागते, तशीच लोकशाहीलाही लागते.

स्वातंत्र्यानंतर अशी दुसरी संधी गिरणगावात आली. १९८२ च्या संपानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या. त्यांच्याखाली सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने तिची सरळ वाटणी सांगितली होती : एक तृतीयांश खुल्या जागांसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. २००१ साली नियम बदलला. ज्या जमिनीवर गिरणीचे बांधकाम उभे होते ती वाटणीतून वगळली गेली आणि जी आधीच रिकामी होती तेवढीच वाटायची ठरली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने कौल दिला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम उचलून धरला. आज परळमध्ये काचेचे मनोरे दिसतात. तेथे न झालेल्या बागा कोणाला दिसत नाहीत, म्हणून त्यांचा हिशेबही कोणी मागत नाही.

ज्या बागा आहेत, त्यांची दारे तरी कोणाला उघडी आहेत? भायखळ्याची राणीची बाग १८६२ पासून लोकांची आहे. गिरणी कामगारांच्या कितीतरी पिढ्यांची सुट्टी तिथे गेली. २०१७ साली तेथील प्रौढांचे तिकीट ५ रुपयांवरून ५० रुपये झाले. पालिकेला खर्च भागवायला नको काय, असे म्हटले जाते. पण बाग एकदा उभी राहिली की आणखी एक माणूस आत आल्याने खर्च जवळजवळ वाढत नाही. अशा ठिकाणी चढे तिकीट लावून बचत होत नाही, केवळ गरीब गळतो. आणि हजारो कोटींच्या ठेवी बाळगणाऱ्या पालिकेने गरिबीचे सोंग आणावे, हे शोभणारे नाही.

तिकीट नसते तेथे कुलूप असते. बऱ्याच उद्यानांचे फाटक दुपारी काही तास बंद राहते. सकाळी फिरायला येणाऱ्यांची त्याने गैरसोय होत नाही. दोन घरांच्या कामांमध्ये तासभर मोकळी असलेली मोलकरीण, भर उन्हात खाद्यपदार्थ पोहोचवणारा तरुण, सफाई कामगार यांना मात्र सावली हवी असते ती नेमकी त्याच वेळी.

येथे एक अवघड प्रश्न टाळून चालणार नाही. बागेसाठी राखलेल्या भूखंडांवर अनेक ठिकाणी गरिबांच्याच झोपड्या आहेत. बागेच्या नावाने त्यांना हुसकावणाऱ्यांच्या पंक्तीला आपण बसता कामा नये. घर की बाग, असा वाद दोन गरिबांत लावून देणे ही जमीनवाल्यांची जुनी खेळी आहे. घराला आणि बागेला पुरेल एवढी सार्वजनिक जमीन या शहरात होती आणि काही अंशी अजूनही आहे. महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर पालिकेकडे देण्याचा निर्णय २०२४ साली झाला. तेथे उद्या डिलाईल रोडची चाळकरी बाई विनामूल्य बसू शकेल काय, हा प्रश्न आजच विचारला पाहिजे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक शाखेने आपल्या विभागाचा २०३४ चा विकास आराखडा मिळवावा, बागा व मैदानांसाठी राखलेल्या भूखंडांची यादी करावी आणि एकेक भूखंड प्रत्यक्ष जाऊन पाहावा. तेथे काय उभे आहे, ताबा कोणाचा, फाटक केव्हा उघडते, पाणी आणि स्त्रियांसाठी शौचालय आहे काय, हे लिहून काढावे. ती यादी वस्तीच्या सभेत वाचून दाखवावी आणि मग लोकांना बरोबर घेऊन विभाग कार्यालयात जावे. बोनस थकला तर आपण मोर्चा काढतो. ही थकबाकी त्याहून जुनी आहे.